डावा कान

हॉलमधल्या सगळ्यांनी एकदम कानांवर हात ठेवले, तेव्हा माइकवाल्या काकांना कळलं की स्पीकर किंचाळतोय. त्यांनी घाईघाईने मिक्सरवरची आवाजाची दांडी खाली ओढली. लोकांचे हात हळूहळू खाली आले. स्टेजवर गाणारा सुतार मात्र गाणं अर्धवट सोडून त्यांच्याकडेच बघत उभा होता.

ग्रंथपालबाई धावत आल्या. हा लोकगीतांचा मेळा त्यांनीच सुरू केलेला. वर्षातून एकदा, शनिवार-रविवार, शाळेच्या हॉलमध्ये गावातली माणसं आपापल्या घरातली जुनी गाणी म्हणायची. गाणारे दरवर्षी बदलत. माइकवाले काका एकोणीस वर्षं तेच.

बाई त्यांच्या डाव्या कानाशी वाकून ओरडल्या, "काका, अहो एवढी शिट्टी वाजतेय आणि तुम्ही नुसते बसून काय राहिलात?"

"वायर ढिली आहे. बदलतो."

वायर चांगली ठणठणीत होती. तरी त्यांनी ती काढली, दुसरी लावली, आणि कुणी आणखी काही विचारू नये म्हणून टेबलाखाली जरा जास्तच वेळ वाकून राहिले.

उजवा कान लहानपणी गालगुंडात गेला होता. डाव्या एकट्याच्या जिवावर त्यांनी चाळीस वर्षं पंखे, मिक्सर, रेडिओ दुरुस्त केले. मोटर नुसती फिरवून ते सांगायचे, बुश गेलाय की कॉइल. मेळ्याच्या आदल्या दिवशी, शुक्रवारी सकाळी, दुकानात असाच एक पंखा लावून बघत होते आणि त्याचा आवाज बंद पडला. खटका खालीवर केला. मग लक्षात आलं, पाती गरगर फिरताहेत. वारा तोंडावर येतोय.

कानाच्या डॉक्टरीणबाईंनी तपासलं, मोठ्याने बोलून बघितलं, शेवटी कागद ओढून ठळक अक्षरांत लिहिलं : 'आजच शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलात जा. भरती व्हावं लागेल. उपचार जितके लवकर, तितकी आशा. एकेक दिवस महत्त्वाचा.'

"सोमवारी गेलो तर?"

डॉक्टरीणबाईंनी 'आजच'खाली दोन रेघा मारल्या.

कागद खिशात घालून ते घरी आले. बायको आरशासमोर उभी राहून गात होती. ती गावातल्या हॉस्पिटलच्या धुलाईघरात कामाला. दिवसभर चादरींना इस्त्री करता करता आईकडून आलेली गाणी म्हणायची, आणि मेळ्यात दोन्ही दिवस चहाच्या टेबलामागे उभी राहायची. "पुढच्या वर्षी गाते," हे तिचं ठरलेलं. कधी घसा बसायचा, कधी पाहुणे यायचे. यंदा ग्रंथपालबाईंनी तिला न विचारताच नाव छापून टाकलं होतं. रविवार, दुपारी चार. तिला आता फक्त निमित्त हवं होतं, आणि यांच्या खिशात चांगलं भक्कम निमित्त होतं. सांगितलं असतं तर ती त्याच पावली बॅग भरून बसली असती, आणि मग पुन्हा कधीच गायली नसती.

दोनच दिवस, असं मनाशी ठरवून ते तिच्यासमोर जाऊन म्हणाले, "कानात जरा दडे बसलेत. मोठ्याने बोल."

शनिवारी निदान कानाशी ओरडलं तर कळत होतं. रविवारी सकाळी तेही गेलं. उरली ती एक सलग घूं घूं, बाहेरची नव्हे, डोक्यातली. ते मिक्सरवरच्या दिव्यांकडे डोळे फाडून बघत राहिले. हिरवे चालतील, लाल लागला की दांडी खाली. कुणी बोलायला आलं की वायरींत डोकं खुपसायचं. एकदा त्यांनी हेडफोन लावून आवाज बराच वाढवला. काही नाही. अजून थोडा वाढव, येईल, असं स्वतःला सांगत त्यांनी गच्च डोळे मिटले. डोळे उघडले तेव्हा स्टेजवरची नर्स गाणं संपवून खाली उतरत होती. आत्ता उठावं, बस पकडावी, असं त्यांच्या मनात आलं. पायही उचलले गेले. घड्याळात पावणेचार झाले होते.

बायको स्टेजवर आली. पदराचं टोक मुठीत घट्ट धरलेलं. तिने एकदा यांच्याकडे बघितलं, यांनी मान हलवली, आणि तिने तोंड उघडलं.

गाणं त्यांना पाठ होतं. नदीपल्याड दिलेल्या मुलीचं, तीन कडव्यांचं. तिच्या ओठांवरून शब्द कळत होते. त्यांनी एक तळहात शेजारच्या स्पीकरच्या खोक्यावर ठेवला. लाकूड थरारत होतं. पहिलं कडवं, दुसरं, तिसरं. आता ती थांबणार म्हणून ते दांडीकडे वळले, पण ती थांबली नाही. ओठ हलत राहिले आणि त्यांतला एकही शब्द त्यांच्या ओळखीचा नव्हता.

चौथं कडवं कुठून आलं?

पुढच्या रांगेतली माणसं वळून त्यांच्याकडे बघायला लागली. कुणी हसत होतं, सुताराने डोळे पुसले. ग्रंथपालबाईंनी दोन्ही हात छातीशी धरले होते. तेही हसले. सगळ्यांकडे बघून हसत राहिले, आणि खोक्यावरचा हात इतका दाबला की बोटं पांढरी पडली. मग लाकूड शांत झालं आणि सगळा हॉल उभा राहून टाळ्या पिटायला लागला.

संध्याकाळी खुर्च्या उचलून झाल्यावर ते वायरी गुंडाळत होते. खांद्यावर हात पडला. बायको. बराच वेळ ती मागून बोलत असावी. तिचा चेहरा लहान मुलीसारखा झाला होता. ती सावकाश बोलली, म्हणून कळलं.

"अहो, सांगा ना. कसं वाटलं?"

"छान. एकदम छान."

"आणि ते कडवं? मी केलेलं?"

"तेही छान."

"राग नाही ना आला? त्यातलं काय आवडलं?"

ते वायर गुंडाळत राहिले. तिने त्यांची हनुवटी धरून वर केली. पुन्हा तेच विचारलं असावं. मग तिचे डोळे त्यांच्या डोळ्यांवरून ओठांवर, ओठांवरून कानाकडे गेले. आणखी खोटं बोलायचं त्राण त्यांच्यात नव्हतं. त्यांनी खिशातून कागद काढून तिच्या हातात दिला.

तिने वाचला. वरची तारीख वाचली. मग ती भडाभडा बोलायला लागली, ओठ इतके भरभर हलत होते की त्यांना काहीच कळेना. शेवटी तिने कागद उलटा केला आणि टेबलावरच्या पेन्सिलीने लिहिलं : 'मी मागितलं होतं का हे तुमच्याकडे?'

त्यांनी मान हलवली. नाही.

"अगं, सांगितलं असतं तर तू गायलीच नसतीस..." ते बोलायला लागले. आपला आवाज किती मोठा निघतोय हे त्यांना कळेना, म्हणून ते गप्प झाले. ती खुर्चीवर बसली आणि तिचे खांदे हलायला लागले. ते शेजारी उभे राहिले. तिला हात लावावा की नाही, हेही त्यांना ठरवता येईना.

सोमवारी पहिल्या बसने ते शहरात गेले. हॉस्पिटलमध्ये तपासणीची एक काचेची खोली होती. तंत्रज्ञ मुलीने त्यांना आत बसवलं, कानांवर हेडफोन चढवले, हातात एक बटण दिलं आणि पाटी दाखवली : 'आवाज आला की दाबा.'

"सुरू केलंय," मुलगी बाहेर येऊन बायकोला म्हणाली. "आता आवाज वाढवत नेते."

बायको काचेला चिकटून उभी राहिली. आत ते पाठ ताठ करून बसले होते, इस्त्रीचा सदरा, गळ्यापर्यंत बटणं लावलेली. अंगठा बटणावर तयार ठेवला होता. मुलीने एक आकडा वाढवला, मग आणखी एक, मग शेवटचा. ते शहाण्या विद्यार्थ्यासारखे समोर बघत होते, पहिला आवाज कधी येतोय याची वाट पाहत.