दातदुखीचं गाणं

डोराचं पत्र आलं तेव्हा हॉलिवूडमध्ये संत्र्यांना मोहोर होता. आता झाडांवर हिरवी फळं लोंबत होती, तरी अ‍ॅबे स्ट्रेलिट्सने उत्तर धाडलं नव्हतं. पत्र पियानोपुढच्या स्टुलाच्या पोटात, कोऱ्या कागदांखाली होतं. रोज तो त्याच्यावरच बसायचा.

न्यूयॉर्कला असताना डोरा शब्द लिहायची आणि तो चाली बांधायचा. तिने लिहिलं होतं, "नाटक ठरलंय. पहिल्या गाण्याचे शब्द सोबत आहेत. चाली तुझ्याच हव्यात. तालमी सुरू होईपर्यंत तुझी जागा धरून ठेवते. येणार की नाही, एवढंच कळव."

येतो म्हणायला तो मोकळा नव्हता आणि नाही म्हणायची त्याची छाती नव्हती. करार असा होता, की दर सहा महिन्यांनी स्टुडिओ त्याला काढू शकत होता. त्याला मात्र स्टुडिओ सोडता येत नव्हता. शिवाय स्टुडिओच्या पियानोवर जे वाजेल ते स्टुडिओचं.

इकडे गाण्यांच्या बोलपटांना लोक विटले होते. 'या चित्रपटात गाणी नाहीत' अशा पाट्या लावून थिएटरवाले तिकिटं विकत होते. अ‍ॅबेची सगळी गाणी कापली गेली होती. तरीही स्टुडिओच्या आवारातल्या त्याच्या बंगल्यातून दिवसभर पियानो ऐकू आला पाहिजे, असा स्टुडिओप्रमुख हॅस्केटसाहेबांचा दंडक होता. तो थांबला की त्यांची सेक्रेटरी मिस प्रूइट खिडकीत हजर. म्हणून अ‍ॅबे आणि त्याच खोलीतला म्हातारा संगीतकार ओटो आळीपाळीने काहीबाही वाजवत बसत.

डोराच्या शब्दांना चाल मात्र अ‍ॅबेने मनातच बांधली. त्यातला एक सूरही पियानोला कळू दिला नाही.

"सप्टेंबरात तुझे सहा महिने भरतात, तेव्हा सुटशील की," ओटो म्हणाला. "साहेबाला एक भिकार गाणं ऐकव. स्वतः स्टेशनवर सोडायला येईल."

"मुद्दाम भिकार?"

"का? आजवर न ठरवता जमलंच ना तुला?"

अ‍ॅबे हसला आणि कामाला लागला. प्रेयसीला दुखऱ्या दाढेची उपमा दिली. मुखडा तीन सुरांचा, दळण दळल्यासारखा. अंतरा ठेवलाच नाही. तोच मुखडा पुन्हा पुन्हा. ओटोने ऐकून कान झाकले. ती पसंतीची पावती होती.

हॅस्केटसाहेब सिगार न पेटवताच ऐकत होते. मुखडा एकदा झाला, दुसऱ्यांदा झाला. साहेबांचा चेहरा पडत चालला, तसा अ‍ॅबेचा जीव हलका होत गेला. आता आणखी एकदा तेच वाजवायचं आणि सुटायचं.

पण उभा जन्म गाणी बांधण्यात गेलेला माणूस तो. दोन मुखडे झाले की हात आपोआप अंतऱ्याकडे वळतात. तिथे मोकळी जागा होती, आणि उन्हाळाभर कोंडलेली एकच चाल त्या जागेत शिरली. आपण डोराचं गाणं वाजवतोय हे त्याला उमगलं तेव्हा ओळ संपत आली होती. ती अर्धी तोडणंही हातांना जमलं नाही.

"ते मधलं पुन्हा वाजव," साहेब म्हणाले.

"ते चुकून आलं, साहेब. या गाण्यातलं नाही ते."

"मग असाच चुकत जा. दाढ काढून टाक, हे ठेव. मिस प्रूइट, चाल उतरवून घ्या. आणि याचा करार वाढवा."

दुपारी सही झाली. ओटोने त्याच्याकडे पाहिलं आणि ओठावर आलेला टोमणा गिळला.

"जा, तिला कळवून ये. तोवर मी वाजवतो. पण माझी बोटं आखडतात, लवकर ये."

अ‍ॅबेने स्टूल उघडलं. उत्तर लिहायला वेळ लागला नाही.

'डोरा, मी येत नाही. जागा दुसऱ्याला दे. तुझे शब्द परत पाठवतो आहे. त्यांची चाल झाली होती, पण ती आता माझ्याकडे नाही. इतके दिवस तुला ताटकळत ठेवलं.'

टपालपेटी फाटकाच्या आतच होती. पाकीट टाकून तो क्षणभर हात पेटीवर ठेवून उभा राहिला. तेवढ्यात बंगल्यातला पियानो अडखळला आणि थांबला. मिस प्रूइट खिडकीकडे निघायच्या आत पोचायला हवं, म्हणून तो जवळजवळ धावतच माघारी गेला.