पाण्याचा उपास

तलावाच्या पायऱ्यांवर त्या दिवशी मुंगी शिरायला जागा नव्हती. एरवी क्लबच्या शर्यतींना येतं कोण? पोहणाऱ्यांचे आईबाप, आणि त्यांनी ओढून आणलेली, जांभया देणारी भावंडं. आज मात्र ज्यांना आंघोळीच्या बादलीपलीकडचं पाणी ठाऊक नाही, असेही लोक चपला हातात धरून ओल्या फरशीवर उभे होते. सगळ्यांच्या माना एकाच बाजूला वळलेल्या. पंचांच्या टेबलाशेजारी, खास मागवलेल्या गुबगुबीत खुर्चीत जलमहाराज बसले होते. पांढरा झब्बा, पांढरी शाल, आणि पाय कोमट पाण्याच्या टबात.

“पाणी म्हणजे काय?” महाराजांनी माइकवरून विचारलं आणि उत्तराची वाट न पाहता स्वतःच सांगून टाकलं. “पाणी म्हणजे आठवण! तुम्ही पाण्याला लाथा मारता. पाणी ते विसरत नाही. म्हणून ते तुम्हाला मागे ओढतं. जो पाण्याची क्षमा मागेल, त्याला पाणी स्वतः पुढे ढकलेल!”

टाळ्यांचा कडकडाट झाला. हे गृहस्थ पूर्वी घरोघर फिरून पाणी शुद्ध करायची यंत्रं विकत. तेव्हाही बोलणं असंच होतं म्हणे, फक्त गिऱ्हाईक दार लावून घ्यायचं.

शिट्टी झाली. चौथ्या पट्ट्यातून एक चौदा-पंधरा वर्षांची मुलगी पाण्यात झेपावली. तिला सगळे मासोळी म्हणत. ती अशी काही पोहली, की शेजारच्या पट्ट्यातल्या मुली थांबून बघतायत असं वाटावं. शंभर मीटर संपले, फलकावर आकडे उमटले, आणि पायऱ्यांवरचं सगळं गाव उभं राहिलं. आजवरच्या तिच्या सगळ्यात चांगल्या वेळेपेक्षा जवळजवळ दोन सेकंद कमी! या खेळात एका सेकंदाच्या दहाव्या हिश्शासाठी माणसं अख्खं वर्ष घालवतात.

“महाराज की जय!” कुणीतरी ओरडलं.

तलावाच्या काठावर मासोळीच्या प्रशिक्षक, म्हणजे मॅडम, हातातल्या घड्याळाकडे बघत उभ्या होत्या. ओरडून ओरडून घसा कायमचा बसलेला, पाण्याने तळवे कायमचे सुरकुतलेले. त्यांनी घड्याळ पुन्हा पाहिलं. फलकावर होते तेच आकडे. चमत्कार खोटा असता तर मॅडमना बरं वाटलं असतं. खोट्याशी भांडता येतं. हा खरा होता, आणि तोही त्यांच्याच हातातल्या घड्याळात.

मॅडमना फार थकल्यासारखं वाटलं.

महाराजांच्या दीक्षेचं नाव होतं ‘पाण्याचा उपास’. आधी ते मुलांच्या डोळ्यांत टक लावून बघत आणि मोजक्याच मुलांना निवडत. बाकीच्यांना म्हणत, “तुझं पाणी अजून कच्चं आहे, बाळा.” निवडलेल्या मुलाने पंधरा दिवस तलावाकडे फिरकायचं नाही, लवकर झोपायचं, रोज महाराजांनी फुंकर मारलेलं बाटलीतलं पाणी प्यायचं, आणि शर्यतीच्या आदल्या दिवशी हातापायांवरचे केस काढायचे. उपास संपला की पाण्यात उतरायचं. उतरलेल्या प्रत्येकाची वेळ कमी झाली होती. वर्षानुवर्षं पहाटे उठवून, पट्ट्यामागून पट्टे घासायला लावून मॅडमना जे जमलं नव्हतं, ते या माणसाने मुलांना घरी झोपवून करून दाखवलं होतं.

एवढ्यावर भागलं असतं तर मॅडमनी ओठ शिवून घेतले असते. पण मासोळीला दमा होता. लहानपणापासून ती पोहण्याआधी औषधाचा पंप तोंडाने ओढायची. आणि महाराजांनी सांगितलं होतं, “पंप म्हणजे कुबडी. पाण्याने छाती धुतली गेली. आता कुबडी टाका.”

मासोळीच्या वडिलांचं चष्म्यांचं दुकान होतं. मॅडम दुसऱ्याच दिवशी तिथे गेल्या. वडील एक काच फडक्याने पुसत होते, उजेडात धरत होते, पुन्हा पुसत होते.

“मॅडम, उपासाच्या पंधरा दिवसांत तिला एकदाही खोकला आला नाही. एकदाही! रात्री आम्ही जागून तिचा श्वास ऐकायचो, ते सुटलं. बारा वर्षांत पहिल्यांदा तिची आई सलग झोपली.”

“बरं वाटलं हे चांगलंच झालं. पण औषध डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका हो.”

“डॉक्टरांनी बरी केली का? तुम्ही केली?”

“तुमच्याकडे कुणी आला, म्हणाला आज मला चष्म्याशिवाय पाटी वाचता आली. तर त्याला चष्मा फेकून द्या म्हणाल?”

वडील हसले नाहीत. काच खाली ठेवून म्हणाले, “मग घड्याळ खोटं बोलतंय का? तेवढं सांगा. पुढच्या महिन्यात जिल्ह्याच्या संघाची निवड आहे, पोरीचं नाव लागलं तर तिचं सोनं होईल. मला महाराजांशी काही देणंघेणं नाही. मी घड्याळावर विश्वास ठेवतोय.”

मॅडम उठल्या आणि चालत घरी आल्या. आपण एका बापाला त्याची मुलगी धोक्यात आहे हे सांगायला गेलो आणि तोंडात मारल्यासारखे परत आलो, याचं त्यांना रडू आलं.

गाठ सुटली ती कांजिण्यांमुळे. क्लबातली एक मुलगी कांजिण्या येऊन घरी पडली होती. महाराजांनी तिला कच्चं पाणी ठरवून कधीच परत पाठवलं होतं. अंगावरचे फोड वाळले तशी ती तलावावर आली. मॅडमनी तिला सावकाश दोन फेऱ्या मारायला सांगितल्या, पण ती हट्टाला पेटली, “मॅडम, एकदा वेळ लावा ना!” मॅडमनी कंटाळून घड्याळ लावलं. पोरगी स्वतःच्याच विक्रमापेक्षा लवकर काठाला लागली.

मॅडम उडी मारायच्या ठोकळ्यावरच मटकन बसल्या. आता हिच्या डोक्यावर कुठल्या महाराजांचा हात होता? तापाने फणफणून अंथरुणात पडण्याखेरीज हिने केलं काय होतं?

रोज सकाळी क्लबचे म्हातारे डॉक्टरकाका डोकं पाण्याबाहेर ठेवून बेडकासारखे पोहत. मॅडमनी त्यांना काठाशी गाठलं.

“काका, न पोहता पोहणं सुधारतं का हो?”

डॉक्टरकाकांनी कठडा धरला आणि धाप लागली होती ती जाऊ दिली. “पोहण्याने सुधारत नाहीच. पोहण्याने शरीर मोडतं. सुधारतं ते नंतर, झोपेत, विश्रांतीत. स्नायू दुरुस्त होतात, त्यांतलं इंधन पुन्हा भरतं. तू पोरांना वर्षभर फडक्यासारखं पिळतेस. त्यांच्यात काय ताकद साठलीय ते थकव्याखाली दिसतच नाही. पंधरा दिवस थकवा काढला की झाकलेलं बाहेर येतं. महाराजांनी नवीन काही घातलं नाही, तुझीच मेहनत उघडी करून दाखवली.”

“आणि डोळ्यांत बघून निवडतात ते?”

“दमलेलं पोर ओळखायला डोळेच बघावे लागतात. डोळ्यांखाली काळं, ते पोर पक्कं. दांड्या मारणारं टवटवीत पोर कच्चं, कारण त्याला झोपवून काय उपयोग? माणूस लबाड आहे, पण नजर तयार आहे त्याची. तीही चुकते म्हणा, काही दमलेली पोरं त्याने कच्ची ठरवली, तुझी कांजिण्यांवाली त्यातलीच.”

मॅडमना चटका बसला. मासोळी दोन हंगामांपासून हात ओढताना कोपर खाली पाडत होती. कोपर पडलं की तळवा पाणी मागे ढकलण्याऐवजी खाली दाबतो, कंबर बुडते, आणि बुडालेल्या कंबरेला पाणी अडवतं. मॅडम तिच्यावर रोज ओरडत, “कोपर वर! कोपर वर!” शर्यतीच्या दिवशी मात्र तिचं कोपर आपसूक वर होतं आणि एका लांबीला तिला हातही कमी लागत होते. त्या वेळी हे दिसूनही मॅडमच्या डोक्यात शिरलं नव्हतं. पाण्याने तिला क्षमाबिमा केली नव्हती. तिचा खांदा पहिल्यांदाच दुखायचा थांबला होता. पोरीला कोपर वर ठेवायचं कळत होतं, तिच्यात त्राण नव्हतं. आणि आपण तिला आळशी म्हणालो होतो.

“मग दमा कसा गेला?”

“गेलाय कुठे? हा तलाव छपराखालचा. इथे नाकाला झोंबतो तो वास नुसत्या क्लोरीनचा नाही. पोरांचा घाम आणि आणखी काय काय त्यात मिसळून जो वायू होतो तो पाण्यावर तरंगत राहतो. नेमकं तिथेच पोहणाऱ्याचं तोंड उघडतं. पंधरा दिवस लांब राहिली, छातीची सूज उतरली. एक शर्यत निभावली तेव्हा औषधाचा थोडाफार अंमल शिल्लक असेल, नशीबही असेल. आता ती रोज सरावाला येते, औषधाविना. एखाद्या दिवशी जोर लावेल आणि श्वासाच्या नळ्या आवळतील. मग सगळं मिनिटांवर येतं, बाई.”

डॉक्टरकाकांनी जाऊन हेच वडिलांना सांगितलं. वडिलांनी त्यांना चहा पाजला, पण पंप ज्यात कोंडून ठेवला होता ते कपाट काही उघडलं नाही. मॅडमनी मासोळीला पाण्यात उतरू द्यायला नकार दिला, तर वडील तिला दुसऱ्या तलावावर नेऊ लागले. लोकांना शब्दांनी पटणार नव्हतं, त्यांना घड्याळच दाखवायला हवं होतं.

म्हणून मॅडमनी निवडीच्या आधीचे पंधरा दिवस उरलेल्या सगळ्या मुलांचा सराव निम्म्याहून कमी केला. फुंकर नाही, बाटली नाही. थोड्याच फेऱ्या, त्याही जोरकस, आणि मग घरी. पालकांनी आकाशपाताळ एक केलं.

“निवड तोंडावर आली आणि तुम्ही पोरांना लाडावताय?”

“महाराजांनी सांगितलं की चालतं, मी सांगितलं की लाड,” मॅडम म्हणाल्या. त्यांना भांडायचंही त्राण नव्हतं.

निवडीच्या दिवशी मॅडमची मुलं एकामागून एक उतरली आणि एकामागून एक स्वतःच्या वेळा मोडत गेली. कच्च्या पाण्याची म्हणून हाकललेली मुलंसुद्धा. पायऱ्यांवर कुजबुज सुरू झाली. महाराजांनी टबातले पाय न हलवता माइक ओढला.

“पाणी एकच आहे, बाळांनो! माझा आशीर्वाद पाण्यात मिसळला, तो सगळ्यांना लाभला!”

कांजिण्या झालेली मुलगी टॉवेल गुंडाळून उभी होती. ती तिथूनच ओरडली, “मग पाहुण्या क्लबच्या मुली का हरल्या? त्यापण याच पाण्यात होत्या की!”

लोक हसले. महाराजही हसले. मुरलेला माणूस होता.

मग मासोळीची शर्यत आली. तिला अडवा, असं मॅडमनी पंचांना सकाळीच सांगून पाहिलं होतं, पण अर्जावर वडिलांची सही होती. डॉक्टरकाका प्रथमोपचाराची पेटी उघडून काठाशी बसले. पहिली लांबी मासोळी सगळ्यांच्या पुढे होती. परतीच्या वाटेवर तिचं डोकं दर हाताला श्वासासाठी वर येऊ लागलं, कंबर बुडाली, आणि बाकीच्या मुली तिला मागे टाकून गेल्या. कशीबशी ती काठाला लागली. मॅडमनी आणि डॉक्टरकाकांनी तिला बगलेत धरून वर ओढलं. छातीतून शिट्टी वाजत होती, आणि दोन बरगड्यांमधली कातडी आत ओढली जात होती.

“हात लावू नका!” महाराजांचा आवाज घुमला. “शुद्धी चालू आहे. शेवटचा कफ बाहेर पडतोय!”

आणि खरोखर, धावत निघालेली माणसं थबकली. मासोळीचे वडील तिच्या पायाशी येऊन उभे राहिले होते. डॉक्टरकाकांच्या हातात पंप तयार होता, पण मासोळीच तोंड फिरवत होती. ती बापाकडे बघत होती. परवानगीसाठी.

वडिलांनी तिचे ओठ पाहिले. ते निळे पडले होते.

“घे, बाळा,” ते गुडघ्यांवर बसत म्हणाले. “घे गं. माझं चुकलं. घे.”

पंप ओढला गेला. एकदा, दोनदा, पुन्हा. मग शिट्टी बारीक झाली, आणि ओठांना रंग आला. डॉक्टरकाका तिला घेऊन दवाखान्यात गेले. गर्दीने मागे वळून पाहिलं तेव्हा खुर्ची रिकामी होती. टबातलं पाणी मात्र अजून कोमट होतं.

मॅडमनी माइक उचलला. त्यांना भाषण कधी जमलं नव्हतं.

“घड्याळ खोटं बोललं नाही,” त्या बसक्या आवाजात म्हणाल्या. “मुलं खरंच लवकर पोहली. ती पाण्याने नाही, फुंकरीने नाही, विश्रांतीने पोहली. दमलेलं शरीर झोपलं की सुधारतं. अंगावरचे केस काढले की पाणी थोडं कमी अडवतं. यात गुपित काही नाही. ही विश्रांती मी द्यायला हवी होती. मी दिली नाही, कारण मलाही वाटायचं, जितकं जास्त तितकं चांगलं. मी जागा रिकामी सोडली आणि त्या माणसाने तिथे खुर्ची टाकली. म्हणून हात जोडून सांगते. काही घडलं तर मान्य करा. पण ते कशाने घडलं, हे विचारल्याशिवाय कुणाच्या पाया पडू नका. महाराजांच्या नको, माझ्याही नको. आणि कुणाच्या सांगण्यावरून लेकराचं औषध कपाटात कोंडू नका.”

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. काही जण खाली बघत होते, तर काही जण महाराज कुठल्या गाडीने गेले याची चौकशी करत होते. पुढच्या गावाच्या तलावावर ती खुर्ची लागणार, हे मॅडमना कळत होतं.

पायऱ्या रिकाम्या होत आल्या तशी एक आई पर्स सावरत त्यांच्याजवळ आली. चेहरा गंभीर, बोलणं अगदी मनापासून.

“पटलं हो मॅडम, सगळं पटलं. फक्त एक सांगा. ही विश्रांती कुठल्या वारापासून सुरू करायची?”

मॅडमनी तिच्याकडे पाहिलं. हसावं की रडावं हे त्यांना कळेना. मग त्यांनी तिच्यामागे उभ्या असलेल्या मुलीकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांखाली काळं होतं, आणि खांदे पडलेले होते.

“दमल्यापासून,” त्या म्हणाल्या. “म्हणजे आजपासून. घरी न्या तिला, झोपू दे.”