खरी बाटली

सरजाबाईनं कागद पंचशीलाच्या हातात परत दिला.

“आजून एकदा वाच. पाण्याचं लिव्हलंय तिथून.”

पंचशीला तिची भाची, लातूरच्या दवाखान्यात नर्स. तिनं तिसऱ्यांदा वाचलं. ऑपरेशननंतर छातीचा कॅन्सर उलटू नये म्हणून निघालेल्या नव्या लसीची चाचणी संपली होती. निम्म्या बायांना लस दिली, निम्म्यांना नुसतं मिठाचं पाणी. कुणाला काय, हे टोचणाऱ्यालाही ठाऊक नव्हतं. बाटल्यांवर फक्त नंबर असायचे. सरजाबाईला पाणी मिळालं होतं.

“म्हंजे दवा माझ्या अंगात गेलीच न्हाई,” ती म्हणाली, आणि कितीतरी दिवसांनी तिला हलकं वाटलं.

कुणी म्हणेल, बाई येडी झाली. तीन वर्षं एसटीचे धक्के खाऊन पाणी टोचून घेतलं आणि वर आनंद. पण तेच धक्के तिच्या शेजारी बसून खाणारी गंगम्मा दिवाळीत गेली, ही राहिली, आणि गावानं निकाल लावून टाकला: नर्स घरची, म्हणून खरी बाटली मावशीला आणि पाणी गंगम्माला. दुष्काळाचं साल, टँकर दिवाळीपासूनच सुरू. तो आला की सरजाबाईची घागर रांगेत मागं सरकायची. कुणी सरकवली म्हणून विचारलं, की सगळ्या आभाळाकडं बघायच्या.

पंचशीलानं कागद वाचून दाखवला असता, तर लोक म्हणाले असते, घरचाच कागद. वाचायला हवा होता गंगम्माचा नवरा, वीरण्णा. त्याच्या शब्दापुढं गाव गेलं नसतं. त्या दिवशी सगळी माणसं नव्या जिल्ह्याच्या मागणीच्या मोर्चाला उदगीरला गेली होती. सरजाबाईनं कागद पदरात बांधला आणि निघाली.

वीरण्णा आपल्या किराणा दुकानात एकटाच शेंगदाणे निवडत होता.

“मोर्चाला न्हाई गेलाव?”

“जिल्हा झाला काय अन् न्हाई झाला काय. बस.”

तिनं कागद पुढं केला. “वाचा की, अण्णा. मला पाणीच मिळालं. पोरीनं कायबी केलं न्हाई.”

वीरण्णानं चष्म्याला हात लावला नाही.

“ठाव हाय,” तो म्हणाला.

मग त्यानं गल्ल्याखालून एक पाकीट काढलं. तोच दवाखाना, तसाच शिक्का, नाव गंगम्माचं.

“तिला खरी मिळाली हुती. पाचीच्या पाची बाटल्या. चाचणी संपली तवा मी गेलतो लातूरला, भांडायला. डाक्टरनं हे हातात ठेवलं.”

“कवा?”

“संक्रांतीला.”

आता चैत्र लागला होता. सरजाबाईनं बोटांवर महिने मोजले.

“टँकर तुमच्या दुकानाम्होरंच थांबतो, अण्णा. माझी घागर मागं सारत्यात ते तुमी बघत हुताव?”

“हाव.”

गावाचा राग तिला कधी फार आला नव्हता. गाव ते गावच. पण या माणसानं दवाखान्याच्या व्हरांड्यात तिच्या डब्यातली भाकर खाल्ली होती. गंगम्माचे केस गळाले तेव्हा तिच्याच खांद्यावर रडला होता. तिला त्याचा संताप आला.

“एक शबुद बोलला असताव तर.”

“ती जात नव्हती तिथं,” वीरण्णा शेंगदाण्यांशी बोलल्यासारखं बोलला. “मीच मागं लागलो. म्हणलं, सरजाबाई जातीय, तू बी जा. खरी दवा मिळूनबी गेली म्हणल्यावर मी कुणावर चिडू? तुझ्यावर चिडून राहिलो, की दिवस जातो.” एक खडा बाजूला टाकून म्हणाला, “एवढा उन्हाळा जाऊ दे. मग सांग गावाला.”

“उन्हाळ्यातच पाणी लागतं, अण्णा.”

तिनं आपला कागद तराजूच्या पारड्यात ठेवला.

“मला वाचता येत न्हाई. माणसं आली की तुमीच वाचा.”

आणि ती बाहेर पायरीवर जाऊन बसली.

उन्हं कलली तेव्हा फाट्यावर धुरळा उठला. मोर्चाच्या जीपा परत येत होत्या. पहिली जीप वळताना दिसली, तसा आत वीरण्णा उठल्याचा आवाज आला. सरजाबाईनं पदर सारखा केला.

वीरण्णानं आतूनच दुकानाच्या दाराला एक फळी लावली. मग दुसरी.