आल्प्स आणि कन्फर्म बर्थ

मित्रांनो, अमेरिकेतल्या हर्नडन गावातल्या एका घराच्या तळघरात, ट्रेडमिल आणि कधीच न उघडलेली खोकी यांच्या मधोमध मी बसून असतो. मी एक जुना प्रिंटर आहे. सध्या माझ्या डोक्यावर दिव्यांच्या माळांचा गुंता ठेवला आहे. ठेवोत बापडे. ज्याने एका कुटुंबाच्या युरोपच्या रेल्वे प्रवासाचे कागद छापले, त्याला आता कशाचंच काही वाटत नाही.

माझा जन्म नेमका कुठल्या कारखान्यात झाला ते मला ठाऊक नाही. खोक्यातून बाहेर आलो तो थेट देवदत्तच्या टेबलावर. देवदत्त मूळचा नागपूरचा, इथे सॉफ्टवेअरच्या नोकरीत. थँक्सगिव्हिंगनंतरच्या सेलला कडाक्याच्या थंडीत रांगेत उभं राहून त्याने मला आणलं, आणि कंपनीकडून रिबेटचे पैसे परत मिळावेत म्हणून घरात शिरताच माझ्या खोक्यावरचा बारकोड कापून घेतला. पहिली काही वर्षं सुखाची गेली. मंडळाच्या गणपतीची पत्रकं मी छापली, शनिवारी कुणाकडे जेवायला जायचं असलं की रस्त्याचे नकाशेही मीच छापले. देवदत्तची बायको आश्लेषा येणाऱ्याजाणाऱ्याला माझी रंगीत छपाई कौतुकाने दाखवायची.

मग दोन हजार पाचच्या उन्हाळ्यात देवदत्तचे आईवडील राहायला आले, आणि माझ्या नाकी नऊ आले.

वडील मनोहरराव वीज मंडळातून निवृत्त झालेले. आई नीलांबरीबाई नागपूरच्या शाळेत भूगोल शिकवायच्या. नोकरीभर त्यांनी फळ्यावर खडूने आल्प्स काढला, मुलांकडून त्यातल्या खिंडींची नावं पाठ करून घेतली, पण बर्फाचा डोंगर म्हणून एकही प्रत्यक्ष पाहिला नव्हता. परतीच्या वाटेवर दोघांना युरोप दाखवायचा असं देवदत्तने ठरवलं, तेव्हा नीलांबरीबाईंनी एवढंच मागितलं, की आल्प्स आगगाडीच्या खिडकीतून बघायचा. त्यांचे गुडघे कुरकुरू लागले होते. असा प्रवास पुन्हा घडणार नाही, हे घरात सगळ्यांना कळत होतं.

मागणं एवढंसं, पण नमनालाच घडाभर तेल! एका देशाची वेबसाइट त्या देशाच्याच भाषेत बोले. दुसरी शेवटच्या पानापर्यंत बोट धरून नेई आणि अमेरिकेतला पत्ता दिसताच पुन्हा पहिल्या पानावर आणून सोडी. व्हिसासाठी तिकिटं दाखवा, तिकिटांसाठी तारखा ठरवा, तारखांसाठी व्हिसा आणा. त्यात स्वित्झर्लंडचा व्हिसा वेगळाच. आणि देवदत्तला एक खोड, की प्रत्येक अर्धवट पान ‘असू दे रेकॉर्डला’ म्हणून छापायचं. फसलेल्या बुकिंगचे कागदसुद्धा मी रंगीत छापले. कुणासाठी, ते त्यालाच माहीत.

शेवटी व्हिसे लागले, आणि एका एजंटाकडून रेल्वेचा पास कुरिअरने घरी आला. एकच कागद, सगळे देश त्यात. मी म्हटलं, सुटलो. पण मनोहररावांनी चष्मा लावून पास पुढून पाहिला, मागून पाहिला आणि टेबलावर ठेवून दिला.

“कोणती गाडी, कोणता डबा, काहीच लिहून नाही यात.”

देवदत्त म्हणाला, “बाबा, पास फ्लेक्सिबल असतो. कुठलीही गाडी पकडायची. बऱ्याच गाड्यांना रिझर्व्हेशन लागतच नाही.”

मनोहररावांना हे पटेना. आपल्याकडे माणूस प्रवासाला निघतो तो डब्याचा आणि बर्थचा आकडा खिशात घालून. आधी वेटिंग लिस्ट, मग धाकधूक, मग कन्फर्म झाल्यावर पेढे वाटायचे तेवढे बाकी. आकडा नसलेला कागद त्यांच्या लेखी प्लॅटफॉर्म तिकिटाच्या लायकीचा होता. देवदत्त चिडून म्हणाला की हे युरोप आहे, इटारसी जंक्शन नाही. तेव्हा त्यांनी खरं कारण सांगितलं. देवदत्त तान्हा असताना, ऐन लग्नसराईत, रिझर्व्हेशनशिवाय ते पुण्याला निघाले होते. नीलांबरीबाई मूल कडेवर घेऊन रात्रभर संडासाच्या दाराशी उभ्या होत्या, आणि कुणी जरासुद्धा सरकलं नव्हतं. तेव्हापासून बायकोला बिनआकड्याच्या गाडीत चढवायचं नाही, असा त्यांचा नेम होता.

झालं. प्रत्येक गाडीतल्या जागेचा आकडा मिळवायला आश्लेषा रोज संध्याकाळी एजंटाला फोन लावून, स्पीकर चालू ठेवून कणीक मळू लागली, आणि पलीकडून तेच ते संगीत वाजत राहिलं. आधी मनोहररावांना गाडीच्या दिशेकडे पाठ करून बसायची जागा नको होती. मग दाराजवळची नको झाली. मग गाडी बदलायला वेळ पुरेना. प्रत्येक बदलाला नवा कार्यक्रम आणि प्रत्येक कार्यक्रमाला माझी नवी छपाई. त्यात, डोंगरातून जाणाऱ्या स्विस गाड्यांना जागेचा आकडा मिळतच नाही, असं एजंटाने शांतपणे सांगितलं. कितीही पैसे द्या, मिळत नाही. चढा आणि बसा.

मनोहररावांनी मग स्वतःच तोडगा काढला. स्वित्झर्लंड गाळायचा आणि पॅरिसहून रोमला रात्रीची गाडी धरायची. एजंटाने दोन बर्थ दिले, दोन्ही खालचे, आणि तसा ईमेल पाठवला. जेवणाआधी देवदत्तने मला तो ईमेल छापायला लावला. डबा, बर्थ, सगळे आकडे ठळक. मनोहरराव तो कागद हातात घेऊन इतके खूश झाले की त्यांनी मला प्रेमाने थोपटलंसुद्धा. इतक्या वर्षांत मला थोपटणारा पहिला माणूस तो, आणि नेमका याच कागदासाठी.

कागद फिरत फिरत नीलांबरीबाईंकडे गेला. त्या सोफ्यावर बसून मटार सोलत होत्या. इतके दिवस घरात तिकिटांचा गोंधळ चालला होता, पण त्यांना कुणी एका शब्दाने विचारलं नव्हतं. त्यांनी गाडी सुटायची वेळ पाहिली, पोचायची पाहिली. भूगोलाच्या बाईंना नकाशा लागत नाही.

“म्हणजे आल्प्स रात्री जाणार,” त्या म्हणाल्या.

मनोहररावांनी समजूत घातली, की झोपून आरामात जाता येईल, पायांना त्रास नाही, बर्थ कन्फर्म आहे.

“मग तुम्ही जा कन्फर्म बर्थवर. मी दिवसाच्या गाडीने जाते. जागा नाही मिळाली तर उभी राहीन.”

“तुझ्या गुडघ्यांनी?”

“त्या वेळी कडेवर मूल घेऊन उभी राहिले होते. आता तर हात मोकळे आहेत.”

त्यांचा आवाज चढला नव्हता. त्या पुन्हा मटार सोलू लागल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी मनोहररावांनी चहाचा कप खाली ठेवला आणि बर्थ कॅन्सल करून स्विस गाड्याच धरायला सांगितलं. देवदत्तने कपाळाला हात लावला आणि आश्लेषाने पुन्हा फोन उचलला. मनोहररावांना दिवसाच्या गाड्यांचा सगळा कार्यक्रम मोठ्या अक्षरांत हवा होता. तोही छापला.

ते गेले, आणि हळूहळू माझीही गरज संपली. स्कॅन करणारा नवा प्रिंटर आला. मला बरेच दिवस कुणी हात लावला नाही, त्यामुळे नळ्यांत शाई वाळली, छपाईत पट्टे येऊ लागले, आणि मी तळघरात आलो. मित्रांनो, घरी माझ्यासारखा कुणी असेल तर अधूनमधून एखादं पान छापत जा, आम्ही पडून राहून बिघडतो. आणि एक हात जोडून सांगणं. ज्याच्यासाठी तिकिटं काढता तो बहुतेक वेळा तिथेच सोफ्यावर बसलेला असतो. छापायचं बटण दाबण्याआधी त्याला विचारा. कागद वाचतील, आणि त्याच्या मनातलंही कळेल.

पट्टे येऊ लागण्याआधी मी छापलेलं एक पान मात्र सांगण्यासारखं आहे. रोमच्या कुठल्याशा सायबर कॅफेतून मनोहररावांनी इंग्रजी अक्षरांत मराठी मेल पाठवला होता. देवदत्तने तो पडद्यावर वाचला, तरी मला छापायला लावला. या खेपेला माझी काही तक्रार नव्हती.

त्यात लिहिलं होतं, “स्विस गाडीत डबा जवळजवळ रिकामा होता. हवी ती जागा मिळत होती. तुझी आई तरी शेवटपर्यंत खिडकीशी उभीच होती. मग मीही तिच्याशेजारी उभा राहिलो.”