मागच्या बाजूची दुसरी रांग

मित्रांनो, मी एका शाळेचा जुना वार्षिकांक आहे. कटरचे पाते पुढे सरकवताना बारीक टकटक होते ना, ती ऐकली की आजही माझी पाने एकमेकांना घट्ट बिलगतात. असे का होते, ते सांगतो.

छापखान्यातून मी बाहेर पडलो तेव्हा माझा कागद कोमट होता. चित्रकलेच्या बाईंनी माझ्या पानांना शाईने काढलेली नक्षी दिली होती. एका पानावरची वेल तर पाऊण पान फिरून पुन्हा आपल्याच देठापाशी यायची. माझी भावंडे मुलांच्या दप्तरांतून घरोघरी गेली आणि मी वाचनालयात राहिलो. पहिली काही वर्षे माझे फार कौतुक झाले. पुढे नवे अंक येत गेले आणि मी तळाशी दबलो. मुखपृष्ठ गळाले. कण्यावरची क्रमांकाची चिठ्ठीही सुटली. कपाटात चिठ्ठी नसलेल्याला कोणी ओळखत नाही.

यंदा नवा अंक काढायचे ठरले. आमच्या शाळेची एक जुनी पद्धत आहे. जुनी मासिके आणि जाहिराती जमवायच्या, आवडलेले तुकडे कापायचे आणि चित्रकलेच्या वर्गातल्या फळ्यावर टाचायचे. त्या नमुन्यांवरून मुलांना नव्या अंकाची सजावट सुचते. ग्रंथपालकाकांनी त्यासाठी रद्दीचा गठ्ठा बांधला. चिठ्ठी नसल्याने त्यांच्या हातून मीही त्यात बांधला गेलो.

चित्रकलेच्या वर्गात गठ्ठा सुटला तेव्हा माझ्या वर बागकामाचे एक मासिक होते. पाहता पाहता त्याची चाळण झाली. उरलेले टोपलीत गेले. मला ओरडावेसे वाटले. पण कागदाला आवाज असतो, तो फाटतानाच.

मग माझी पाळी आली. संपादक मुलीला सगळे बॉस म्हणत. कटर तिच्या वर्गातल्या लंबूच्या हातात होते. माझी वेल पाहून बॉसचे डोळे चमकले. हीच चौकट आपल्या अंकाला हवी, असे ती म्हणाली. एरवी अशा शब्दांनी मी फुलून गेलो असतो. आता मात्र लोखंडी पट्टी माझ्या पानावर टेकली होती. पाते चौकटीच्या वरच्या कडेने फिरले, मग उजव्या कडेने. दुखले नाही, थंड वाटले. पान सैल होऊन हलू लागले, तेव्हा मी खरा घाबरलो.

लंबूने पट्टी खालच्या कडेला लावली. पाते खालच्या पानात तर उतरत नाही ना, हे पाहायला बॉसने सुटलेला कोपरा उचलला आणि ती थबकली.

"लंब्या, थांब. मागे माणसं आहेत."

मागे एका वर्गाचा फोटो होता. उन्हाने डोळे बारीक केलेली मुले तीन रांगांत उभी होती.

"इथून कापलंस तर दुसऱ्या रांगेची मुंडकी उडतील," बॉस म्हणाली.

लंबू हसला. "उडू देत की. ओळखतं कोण त्यांना? ते काय डोकी शोधत परत येणार आहेत?"

पाते अजून बाहेरच होते. बॉस फोटोकडे पाहत राहिली.

"आपल्या वर्गाच्या फोटोत मीही दुसऱ्या रांगेत आहे," ती हळूच म्हणाली.

लंबूने पाते आत ओढले.

दोघांनी मला वाचनालयात नेले, तेव्हा मला पाहून ग्रंथपालकाकांचा चेहरा उतरला. त्या वर्षीची ही एकच प्रत उरली होती आणि ती त्यांनी स्वतःच रद्दीत बांधली होती. दोन्ही कापांवर त्यांनी पातळ कागदाच्या पट्ट्या चिकटवल्या आणि कण्यावर नवी चिठ्ठी लावली. मुलांनी वेलीवर पारदर्शक कागद ठेवून ती गिरवून घेतली. माझे काहीच कमी झाले नाही.

आता नवा अंक माझ्या शेजारीच असतो. त्याच्या पानांवर माझी वेल आहे, आणि एका फोटोत दुसऱ्या रांगेत बॉस उभी आहे. तुझ्या पानावर या पट्ट्या कसल्या, असे तो मला विचारतो. मी अजून सांगितलेले नाही. नुकताच आला आहे, झोप उडेल त्याची.

तुम्हाला मात्र सांगतो, मित्रांनो. आमच्यातले आवडेल ते खुशाल गिरवून घ्या. पण पाते लावण्याआधी पान एकदा उलटा. मागे कोणी उभे असेल, तर त्याला बाजूला सरकता येत नाही.