पाचवीचा नंबर

क्रॉस कंट्रीची रीत तशी सोपी आहे. जिल्ह्याच्या सहा मुली पळतात, पहिल्या चौघींच्या नंबरांची बेरीज होते आणि ज्यांची बेरीज सगळ्यात कमी, तो जिल्हा जिंकतो. उरलेल्या दोघींनी आपलं पळावं आणि टाळ्या वाजवाव्यात. नागपूर जिल्ह्याच्या संघात हर्षा सलग दोन वर्षं पाचवी आली होती. पाचवा नंबर जणू तिच्या पाचवीलाच पुजलेला होता.

पदकं तिलाही मिळाली होती. ती सहाही जणींना मिळतात. बुटीबोरीजवळच्या तिच्या गावाने सत्कार केला, सरपंचांनी नारळ दिला, आणि हर्षाला मात्र बिनातिकिटाने एसटीत बसल्यासारखं वाटलं. यंदा ती एकोणीस वर्षांची होती. पुढच्या वर्षी ती वीस वर्षांखालच्या गटात बसणार नव्हती. तेव्हा एकदा, फक्त एकदा आपला नंबर धरला जावा, एवढंच तिच्या डोक्यात होतं. त्यासाठी पिंकीला मागे टाकावं लागणार होतं, कारण संघातली चौथी पिंकी. पिंकी तिची जिवाभावाची मैत्रीण होती, तो भाग वेगळा.

राज्य स्पर्धा यंदा नागपुरातच, शहराबाहेरच्या एका शेतकी फार्मवर होती. डिसेंबरची थंडी, पायाखाली काळी माती, दोन किलोमीटरचे तीन फेरे. प्रशिक्षक चंद्रभान सर मफलर गुंडाळून सगळ्यांना एकच गोष्ट बजावत होते, की भीती फक्त नाशिकची आहे. रामदासपेठेतली नूपुर, संघातली सगळ्यात वेगवान मुलगी, ते ऐकता ऐकता शांतपणे बुटांच्या नाड्या बांधत होती.

पहिले दोन फेरे हर्षा पिंकीला चिकटून पळाली. तिसऱ्या फेऱ्यात कालव्याचा चढ लागला आणि पिंकीने असा काही जोर काढला, की गेली म्हणजे गेलीच. हर्षाने मान उंचावून पाहिलं. चार पिवळी बनियनं पुढे, पाचवं स्वतःच्या अंगात. संपलं सगळं. आता जरा चालावं, उगाच फुप्फुसं कशाला फाडून घ्यायची, असा विचार तिने खरोखर केला. पुढे नाशिकच्या दोघी जोडीने पळत होत्या, बाराव्या आणि तेराव्या. त्यांच्यातल्या लांब वेणीवालीने मागे वळून पाहिलं आणि आपल्या मैत्रिणीला सांगितलं,

"घाई नको करू गं. ती त्यांची पाचवी आहे, तिला धरत नाहीत."

हर्षाचं डोकं फिरलं. बोलणं खरं होतं, म्हणून तर जास्तच फिरलं. स्वतःला म्हणायचं ते वेगळं, पण परक्या जिल्ह्यातून येऊन, आमच्याच मातीत उभं राहून आम्हाला सांगायचं? ती दात ओठ खाऊन सुटली. उतारावर तिने एकीला गाठलं, नांगरलेल्या पट्ट्यात दुसरीला. दोघींनी तिला आरामात जाऊ दिलं. वेणीवालीने तर बाजूला होऊन वाटही दिली. बारावी येऊन हर्षा चुन्याच्या रेषेपलीकडे आडवी झाली, आणि मातीत पडल्या पडल्या तिला वाटलं, केवढी ही मेहनत, आणि कोणाच्या कामाची?

निकाल लागायला अर्धा तास गेला. नाशिकच्या मुली पहिली आणि दुसरी आल्या होत्या, त्यामुळे सगळ्यांनी त्यांचंच सोनं धरून ठेवलं होतं. नागपूरच्या चौथी, सहावी, आठवी आणि अकरावी, बेरीज एकोणतीस. नाशिकची तीस. पंचांनी दोनदा मोजलं. पिंकी आणि नूपुर एकमेकींच्या गळ्यात पडल्या, आणि हर्षा नेहमीसारखी कडेला उभी राहून टाळ्या वाजवू लागली.

चंद्रभान सरांनी तिचं मनगट धरून तिला निकालाच्या कागदापुढे नेलं.

"टाळ्या काय वाजवून राहिली वं? हे पाह्य. नाशिकच्या दोघी तेराव्या आन् चौदाव्या. काहून? त्याईच्या पुढं बारावी तू हायेस म्हणून. तू नसती त त्या बाराव्या आन् तेराव्या. त्याईची बेरीज अठ्ठावीस. आपले एकोणतीस. हरलो असतो."

हर्षाने कागदावर बोट ठेवून तीनदा मोजलं. सर म्हणत होते तसंच होतं. तिचा नंबर आपल्या बेरजेत नव्हता, पण पलीकडच्या बेरजेत त्याने दोनदा धक्का मारला होता. तिला रडू आलं आणि तिने ते येऊ दिलं. सरांनी मफलर पुढे केला, पिंकीने पाठीवर धपाटा घातला.

डोळे पुसून ती गेली ती थेट नाशिकच्या तंबूकडे. वेणीवाली एका बाजूला गुडघ्यात डोकं घालून बसली होती. हर्षा टोमणा मारायलाच निघाली होती. पण वेणीवालीने मान वर केली आणि तिचा चेहरा पाहिल्यावर तो टोमणा काही तोंडातून निघेना.

"तुमच्यामुळे पळाली मी," ती म्हणाली. "तुम्ही बोलल्या नसत्या त मी चालतच येऊन राहिली होती."

मुलीने नाक ओढलं. "पाचवीचा नंबर असा नडतो, हे मला माहीतच नव्हतं."

"मले तरी कुठं माहीत होतं," हर्षा म्हणाली, आणि तिच्या शेजारी मातीत बसली.