मोठ्या खोलीतली ऊब

"हात लावून बघा, भाऊजी. लावा, लावा. तुमच्याच हातचं काम आहे."

येफिमने टोपी काढली, गुडघे टेकले आणि जमिनीवर तळहात ठेवला. फळ्या कोमट होत्या. मांजर येऊन पसरेल इतक्या छान कोमट. त्याच्या डोक्याच्या उंचीवर, टेबलावर, हारलांब काळा सूट घालून निजला होता. छातीवर हात, उशाशी मेणबत्ती. आणि त्या टेबलाखालून येफिमनेच घातलेले दोन पाइप गेले होते, एक जाणारा आणि एक परतीचा.

"असे किती वेळ राहतील हे?" त्याच्या बायकोने, अग्रिपिनाने विचारलं. रडून तिचा आवाज बसला होता. त्यात डिसेंबरात न्यूमोनिया होऊन गेलेला, त्यामुळे एकेका वाक्यामागे खोकला येत होता.

येफिमने गावच्या नर्सकडे, तासियाकडे बघितलं.

"मी इंजेक्शन दिलंय," तासिया म्हणाली. "पण या भट्टीत माझी हमी नाही. उद्या संध्याकाळपर्यंत ठीक. पुढचं देवाला माहीत."

उद्या गुरुवार होता आणि लिव्यू शुक्रवारच्या आत पोचत नव्हता. लिव्यू हा हारलांब-अग्रिपिनाचा एकुलता एक मुलगा. चौदा वर्षं इटलीत बांधकामावर काम करत होता. मंगळवारी सकाळी बातमी कळली आणि तासाभरात गाडी घेऊन तो निघाला, पण रोमानियात घाटात बर्फाने रस्ता बंद होता. तिथून त्याने फोन केला होता. "आई, मी येईपर्यंत बाबांना नेऊ नका. मला त्यांचं तोंड बघायचंय." दीड वर्ष त्याने बापाला पाहिलं नव्हतं. आता सगळा प्रश्न एवढाच होता, की बापाचा चेहरा शुक्रवारपर्यंत मुलाने बघण्यासारखा राहिला पाहिजे.

बाहेर उणे चौदा होतं. गावातल्या दुसऱ्या कुठल्याही घरात हा प्रश्न आलाच नसता. मोठी खोली कोणी तापवतच नाही. भिंतीवर गालिचे, कोपऱ्यात हुंड्यातल्या रजयांची आढ्यापर्यंत चवड, ईस्टरला पाहुणे, लग्नात वऱ्हाडी आणि शेवटी तीन दिवस घरचा धनी. एवढ्यासाठीच ती खोली असते, आणि हिवाळाभर ती दगडासारखी गार असते. मेलेल्या माणसाला उकडतंय, असं आजवर गावात कोणी ऐकलं नव्हतं.

येफिमने सुचेल ते करून बघितलं. हुंड्यातल्या चार रजया काढून रेडिएटरला गुंडाळल्या. पण पाइप जमिनीखाली, त्यांना काय गुंडाळणार? मग त्याने खिडकी सताड उघडली. वाऱ्याचा झोत आत आला आणि उशाची मेणबत्ती फडफडून विझली.

"अरे देवा! माणूस अंधारात जाईल ना!" भिंतीकडेला बसलेल्या बायका एकदम ओरडल्या. एकीने धावत जाऊन खिडकी लावली, दुसरीने मेणबत्ती पुन्हा पेटवली. "येफिम, तू पाइपांचं बघ. आमच्या मेलेल्याचं आम्ही बघतो."

पाइपांचंच तर बघत होतो, असं अगदी येफिमच्या तोंडावर आलं होतं.

तो चौसष्ट वर्षांचा होता आणि त्यातली अडतीस वर्षं पाइपांत गेली होती. सामुदायिक शेतीच्या बॉयलरवर तो तरुणपणी लागला. पुढे अर्ध्या गावाच्या भिंतींतून त्याच्या हातचं गरम पाणी फिरू लागलं. पाइपांच्या आट्यांवर ताग गुंडाळताना तो कोणाशी बोलत नसे. हातभर लांबीला बोटभर ढाळ म्हणजे बोटभर, त्यात केसाचा फरक त्याला चालत नसे. खोली तिथे व्हॉल्व्ह, आणि रेडिएटर तिथे बगलेने जाणारा एक जादा पाइप, म्हणजे एक खोली बंद केली तरी पाणी तिला वळसा घालून पुढच्या खोलीत जातं. "माझ्या पाठीवरून फिरवला नसशील तेवढा हात त्या पाइपांवरून फिरवतोस," असं त्याची बायको म्हणायची. ते खरंही होतं. घर बांधणाऱ्याचं नाव लोक घेतात, पाइप घालणाऱ्याची आठवण फक्त बिघडल्यावर होते, हे त्याला माहीत होतं आणि त्याची आठवण कोणाला फारशी यायची नाही, याचाच त्याला अभिमान होता.

एकदाच तो चुकला, आणि तेही या घरात.

दोन उन्हाळ्यांपूर्वी लिव्यू महिनाभर सुट्टीवर आला होता. घर नवं करायचं म्हणून गाडी भरून सामान घेऊन आला. आईबापाच्या खोलीतली विटांची जुनी शेगडी राखेची घाण होते म्हणून पहिल्याच आठवड्यात पाडली. मग द्राक्षाच्या मांडवाखाली टेबल टाकून त्याने येफिमला नकाशा दाखवला. घराच्या एका टोकाला बॉयलर, मग स्वयंपाकघर, मध्ये मोठी खोली आणि पार पलीकडे आईबापाची निजायची खोली. एकच फेरा, सगळा जमिनीखालून.

"काका, मला भिंतीवर एक पाइप दिसता कामा नये."

"नाही दिसणार," येफिम म्हणाला. "पण मोठ्या खोलीला बगलेचा पाइप आणि दोन व्हॉल्व्ह ठेवतो."

"म्हणजे गालिच्याशेजारी ती लाल चाकं? इटलीत लोक हसतील मला."

"इटलीतले लोक येणार आहेत का बघायला?"

"तसं नाही हो. पण ती खोली बंद करायची वेळ येणारच कधी? आता सगळं घर गरम राहणार. पाहुणे आले की कोट घालून बसायला नको."

येफिमने तोंड उघडलं. कधी, ते त्याला पक्कं माहीत होतं. ज्या दिवशी तुझा बाप तिथे निजेल त्या दिवशी, पोरा. पण समोरच हारलांब कलिंगड कापत बसला होता. धडधाकट, दाढीला रस लागलेला, मुलगा घरी आला म्हणून कारण नसताना हसणारा. त्याच्यादेखत ते अशुभ कसं बोलायचं? आणि बोलायचं कोणाशी, तर ज्याला बाप्तिस्म्याच्या वेळी स्वतःच्या हातांवर धरलं होतं त्या धर्मपुत्राशी.

"सोय असावी," तो एवढंच म्हणाला.

"कसली सोय?"

"असावी म्हणतो."

"अरे, एवढी हौस आहे पोराला," हारलांब कलिंगडाची फोड पुढे करत म्हणाला. "कर की त्याच्या मनासारखं. तू काय, कबरीतसुद्धा व्हॉल्व्ह बसवशील."

सगळे हसले, येफिमही हसला. आणि त्याने लिव्यूच्या मनासारखं केलं.

आता तो त्याच फळ्यांवर गुडघे टेकून बसला होता आणि त्याला स्वतःची लाज वाटत होती. फळ्या उचकटून पाइप कापावा, तर जोड नेमका टेबलाखाली. आणि कापला तरी पलीकडच्या खोलीचं पाणी तुटणार ते तुटणारच.

तासियाने त्याला बाजूला घेतलं. "अंगणातल्या उन्हाळी स्वयंपाकघरात हलवू या का? तिथे बर्फासारखं गार आहे."

ती हळूच बोलली होती, पण अग्रिपिनाने ऐकलं.

"एक्केचाळीस वर्षं मी ही खोली झाडली," ती म्हणाली. "मी स्वतः कधी पाय पसरून बसले नाही इथे. आणि जिथे डुकराची चरबी कढवली तिथे नेऊन ठेवू यांना? विस्तव काढा, भाऊजी."

"वहिनी, एका खोलीचा विस्तव काढता येत नाही. सगळं घर गार पडेल."

"पडू दे."

"तुमची छाती बघा जरा. आणि या थंडीत पाणी गोठून पाइप फुटतील."

"मग पाणीपण काढून टाका. घातलंत तुम्हीच ना?"

तासिया मध्ये पडली. "अग्रिपिना, पुन्हा न्यूमोनिया झाला तर मी काय करू? तूपण त्याच्याशेजारी निजणारेस का?"

"माझं मी बघेन. लिव्यूला बापाचं तोंड दिसलं पाहिजे." ती खोकली, दम लागेपर्यंत खोकली. मग येफिमकडे बघून म्हणाली, "जा ना, भाऊजी. उभे काय राहिलात?"

इकडे आड, तिकडे विहीर. एकाला ऊब मारत होती आणि दुसरीला थंडी मारणार होती, आणि दोघांच्या मध्ये नुसता एक व्हॉल्व्ह हवा होता. मुठीएवढा. तसे वीस-पंचवीस येफिमच्या घरी डब्यात पडून होते.

त्याने बॉयलरमधले निखारे फावड्याने काढून बर्फात टाकले. पंप थांबवला, रबरी नळी जोडली आणि पाणी सोडलं. काळं, गंजकट पाणी वाफाळत कुंपणाखालून गेलं आणि रस्त्यापर्यंत पोचायच्या आधी गोठलं. जमिनीखाली उरलेलं पाणी त्याने कॉम्प्रेसर लावून फुंकून काढलं. अडतीस वर्षांत त्याने कितीतरी घरं गरम केली होती. भर फेब्रुवारीत घर गार करायची वेळ पहिल्यांदाच आली होती. दोन तासांनी त्याने पुन्हा मोठ्या खोलीच्या फळ्यांवर हात ठेवला तेव्हा त्या निवत चालल्या होत्या, आणि त्याला हायसं वाटलं. हायसं वाटलं म्हणून आणखी वाईट वाटलं.

गुरुवारी घरात श्वासाची वाफ दिसू लागली. बायका कोट घालून, डोक्याला दोन-दोन रुमाल बांधून आळीपाळीने बसत होत्या. अग्रिपिना मात्र उशाशेजारच्या खुर्चीवरून हलत नव्हती. येफिम आपल्या घरच्या चुलीत विटा तापवून टॉवेलात गुंडाळून आणत होता, दर तासाला दोन. एक ती मांडीवर घ्यायची, एक पायाखाली.

"आमच्याकडे चला, वहिनी. चार तास झोपा. मी बसतो इथे."

"यांना एकट्याला टाकून? आणि लिव्यूचा फोन आला तर?"

संध्याकाळी तासियाने ताप बघितला. साडेअडतीस. ती येफिमला अंगणात नेऊन त्याच्यावरच ओरडली, जणू थंडी त्याने आणली होती. तो ऐकून घेत होता. तिचं काही चूक नव्हतं.

शुक्रवारी दुपारी बाराच्या सुमारास लिव्यूची गाडी फाटकाशी थांबली. चाकांपासून छपरापर्यंत मिठाने पांढरी. तो धावतच आत आला. हारलांबचा चेहरा जसा मंगळवारी होता तसाच होता, शांत, थोडासा हसरा. लिव्यूने बापाच्या कपाळावर ओठ टेकवले, हात धरले आणि लहान मुलासारखा हमसून रडला. अग्रिपिनाने त्याच्या पाठीवर हात ठेवला. तीन रात्री जागलेली ती बाई त्या क्षणी समाधानी दिसत होती, आणि दाराशी उभ्या येफिमला वाटलं, चला, निदान हे तरी साधलं.

मग लिव्यूने डोळे पुसले आणि त्याला आपल्याच श्वासाची वाफ दिसली.

"आई, घर एवढं गार कसं?" तो वाकला, जमिनीला हात लावला. "बंद आहे? सगळं बंद आहे?" त्याने वळून येफिमला गाठलं. "काका, दुसऱ्याच हिवाळ्यात? मी तिकडे सगळ्यांना सांगायचो, आमच्या येफिमकाकांच्या हातचं काम शंभर वर्षं बघायला नको. आणि माझे बाबा मेले ते असे थंडीत कुडकुडत?"

भिंतीकडेच्या बायका मांडीकडे बघत राहिल्या. येफिमने ओठ उघडले. सांगायला फार नव्हतं, दोन वाक्यं पुरली असती. पण त्याची नजर अग्रिपिनाकडे गेली. ती मान हलवत होती, अगदी थोडी.

"बिघडलंय काहीतरी, बाळा," ती म्हणाली. "यांच्या वेळी चालू होतं सगळं. नंतर बिघडलं. करतील भाऊजी नीट."

"बिघडलंय," येफिम म्हणाला. "माझंच चुकलं."

तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. पण पोराला खरं सांगून आज काय मिळालं असतं? बापाचं ओझं खांद्यावर होतं, त्यावर आणखी आईचं कशाला?

दुपारी हारलांबला नेलं. शवपेटीचा एक कोपरा धरायला येफिम पुढे झाला तेव्हा लिव्यूने दुसऱ्या कोणाला तरी हाक मारली. येफिम मागून चालला. कबरीपाशी अग्रिपिनाचे पाय लटपटले, पण दुसऱ्या कोणाकडे जायला ती तयार नव्हती, म्हणून तासियाने तिला तिच्याच घरी आणलं आणि बुटांसकट बिछान्यात घातलं. बाकी सगळे जेवणासाठी गावच्या सभागृहात गेले. अँब्युलन्सला फोन केला, तर दवाखान्याकडचा रस्ता बर्फाने बंद आहे, तो मोकळा झाल्याशिवाय गाडी निघत नाही, असं उत्तर आलं. औषधाची पेटी आणायला तासिया घरी पळाली.

त्यांच्यामागोमाग आलेल्या येफिमने बॉयलरमध्ये पाणी भरलं, लाकडं रचली, कोळसा घातला. पंप घरघरू लागला. तो पाण्याबरोबर घरातून चालत गेला, दर वेळी नव्या घरात जायचा तसा. स्वयंपाकघराची भिंत आधी तापली. मग मोठ्या खोलीतला रेडिएटर टकटकला, फळ्यांखालून ऊब वर येऊ लागली. मेणाचा वास अजून होता, टेबल रिकामं होतं. तो पुढे शेवटच्या खोलीत गेला आणि तिथल्या रेडिएटरला हात लावला. नुसतं लोखंड. गारठलेली मोठी खोली आपलं पोट भरल्याशिवाय ऊब पुढे सोडत नव्हती, आणि तिला वळसा घालायला वाट नव्हती.

"आली का ऊब, भाऊजी?" अग्रिपिनाने डोळे मिटूनच विचारलं. तिच्या श्वासाबरोबर छातीत घरघर वाजत होती.

"येतेय, वहिनी. निघालीय तिकडून."

त्याने आपला कोट काढून तिच्या रजईवर घातला आणि स्टूल ओढून रेडिएटरला हात लावून बसला. मधला दरवाजा उघडा होता. पलीकडे मोठी खोली मस्त तापली होती, आणि तिथे कोणी नव्हतं.